रागाची चौकट आणि जॅझची चाल

आकाशवाणीची सभा सुरू होण्यापूर्वी जी परिचयधून वाजते, ती कोणाची रचना, हा प्रश्न फारच थोड्या श्रोत्यांच्या मनात आला असेल. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनचे स्वर उमटतात आणि पहाट झाल्याची खूण पटते. ही धून शिवरंजनी रागाच्या छायेतली मानली जाते. पण ती बांधणारा वॉल्टर कॉफमन हा कोणी घराणेदार गवई नव्हता. कार्ल्सबाडला जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आला आणि पुढे मुंबई नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख झाला. ज्या संस्थेने भारतीय संगीताचे शुद्ध रूप जपण्याचा कसोशीने प्रयत्न केला, तिचे प्रभातसूचनच अशा रीतीने दोन परंपरांच्या मिलाफातून झालेले आहे.

या मिलाफाचा इतिहास लिहावयाचा तर मुंबईत निघालेल्या एका तबकडीपाशी थांबावे लागते. १९६८ साली हिज मास्टर्स व्हॉइसने 'राग जॅझ स्टाइल' या नावाची दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिच्यावर संगीतकार म्हणून शंकर-जयकिशन यांचे नाव होते. तीत गीत नव्हते, गायक नव्हता, चित्रपटाची कथाही नव्हती. होते ते अकरा राग आणि ते वाजविणारा सतार, तबला, बासरी, ट्रंपेट, सॅक्सोफोन, गिटार, पियानो आणि ड्रम यांचा छोटेखानी वृंद. चित्रपटाच्या आधाराने वीस वर्षे कीर्ती मिळविलेल्या या जोडीने केवळ वाद्यसंगीताच्या बळावर श्रोत्यांपुढे यावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. भारतात ध्वनिमुद्रित झालेल्या राग-जॅझ मिश्रणाच्या अगदी आरंभीच्या दीर्घ तबकड्यांत तिची गणना होते.

तथापि ही तबकडी आकाशातून पडली नाही. तिच्यामागे निदान तीन पिढ्यांचे श्रम होते आणि त्या श्रमांचा उगम मुंबईत नसून गोव्यात होता. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या आश्रयाने गावोगाव संगीतशाळा चालत. धार्मिक विधीसाठी गायक आणि वादक तयार करणे, हा त्यांचा मूळ हेतू. तेथे मुलाला आधी स्वरलिपी वाचावयास शिकवीत आणि मग व्हायोलिन हाती देत. लिहिलेला स्वर पाहताक्षणी वाजविण्याची विद्या या शाळांनी सामान्य शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलालाही दिली. हिंदुस्थानात इतरत्र संगीतविद्या गुरुमुखाने, कानाने आणि कंठाने चालत होती. ती कागदावरून वाचण्याची सवय येथे नव्हती. या एका फरकाने पुढे केवढी उलथापालथ घडविली, ते मुंबईच्या चित्रपटसंगीताचा इतिहास सांगतो.

गोव्यात विद्या होती, पण पोट भरण्याजोगा धंदा नव्हता. म्हणून हे वादक मुंबईस येऊ लागले. धोबीतलाव आणि गिरगाव भागांत निरनिराळ्या गावांच्या 'कुडी' होत्या. तेथे गावाहून आलेल्या माणसाला अल्प मोबदल्यात एक पेटी ठेवण्यापुरती आणि पाठ टेकण्यापुरती जागा मिळे. दिवसा कुडीत सराव आणि रात्री हॉटेलात वादन, असा त्यांचा क्रम असे. १९३५ साली अमेरिकेतील निग्रो वादक लिऑन ॲबी याचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यामागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. या मंडळींच्या सहवासात गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केला. चर्चमध्ये जे स्वर कागदाबरहुकूम वाजवावयाचे, तेच स्वर येथे मनाच्या उर्मीप्रमाणे खेळवावयाचे होते. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ हा ट्रंपेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने इतका गाजला, की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि रात्रीच्या नृत्यशाळांची रया गेली. मद्य नाही तेथे गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तेथे बँडला काम नाही. फाळणीमुळे लाहोरसारख्या शहरांतील जागाही सुटल्या होत्या. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात स्वतःचा बँड चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईस आले, ते याच सुमारास. एका बाजूने हॉटेलांची दारे बंद होत असता दुसऱ्या बाजूने चित्रपटांचा वाद्यवृंद फुगत होता. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा बसू लागल्या. स्वरलिपी वाचणारे वादक तेथे हवेच होते. कारण पन्नास माणसांनी एकाच वेळी, एकाच दमात आणि न चुकता वाजवावयाचे, तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद असणे अपरिहार्य होते.

या घडामोडीत एका मराठी संगीतकाराचा वाटा मोठा आहे. नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटला आपला साहाय्यक केले. 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतील गाण्यांनी नृत्यशाळेतील ताल गल्लीबोळांत आणून सोडला. 'अलबेला'त तर चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. पाश्चात्त्य वाद्ये मराठी माणसाला त्यापूर्वी अगदीच अपरिचित होती असे नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने रंगभूमीवर आणलेल्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकासाठी केशवराव भोळे यांनी पियानो आणि व्हायोलिन यांचा उपयोग केला होता. परंतु भोळ्यांचे धोरण हळुवार भावाला उठाव देण्याचे होते, सी. रामचंद्रांनी त्या वाद्यांबरोबर त्यांची मूळची चालही उचलली.

येथे चित्रपटसंगीताच्या कारखान्याची एक रीत ध्यानात घेतली पाहिजे. चाल सुचे ती संगीत दिग्दर्शकाला. तो ती पेटीवर गुणगुणे. मग तिच्या आगेमागे कोणती वाद्ये वाजावीत, कोणी कोठे थांबावे, मुख्य सुराच्या खाली दुसरा सूर कोणता चालावा, हे सारे ठरवून कागदावर उतरविण्याचे काम 'अरेंजर' करी. हा अरेंजर बहुधा गोमंतकीय असे. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची अशी रचना वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसोझा यांनी केली. तबकडीच्या वेष्टनावर मात्र गायकाचे, कवीचे आणि संगीत दिग्दर्शकाचेच नाव छापले जाई. ज्याने तीस व्हायोलिनांचा स्वर लिहिला आणि ज्या तिसांनी तो वाजविला, त्यांची नावे कोठेच नसत. लाखो लोकांच्या तोंडी असलेल्या या संगीताचे शिल्पकार कायद्याने आणि रूढीने निनावी होते.

त्या काळच्या सुसंस्कृत मताचा या साऱ्याला विरोध होता, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे. अभिजात संगीताचे निष्ठावंत पुरस्कर्ते. चित्रपटगीतांतील परकी अनुकरण आणि उथळपणा त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीने लोकरुचीशी तडजोड केली. पेटीसारख्या वाद्यालाही आकाशवाणीवर १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ बंदी होती. कारण तिचे बांधीव स्वर रागाच्या सूक्ष्म श्रुतींना पारखे आहेत, असा आक्षेप होता. हा आक्षेप निराधार नव्हता. केसकरांच्या धोरणाने अनेक थोर गायक-वादकांना राष्ट्रीय कार्यक्रमाचे व्यासपीठ मिळाले, हे तर निर्विवादच आहे.

पण आकाशवाणीच्या अंतरंगातही मिलाफाची ओढ होतीच. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने दिल्ली केंद्रावर भारतीय वाद्यांचा वृंद उभारून त्याला लिखित स्वरलिपीची शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. पण १९३९ साली कलकत्त्यास त्याचा मृत्यू झाला आणि ते कार्य अर्धवट राहिले. स्वातंत्र्यानंतर पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली आकाशवाणीचा वाद्यवृंद निर्माण झाला. एकट्या कलावंताच्या साधनेवर उभ्या असलेल्या संगीताला सामुदायिक रूप कसे द्यावे, हा प्रश्न स्टुडिओतील गोमंतकीयाला जसा पडला होता, तसाच तो दिल्लीच्या पंडितांनाही पडला होता. उत्तरे तेवढी वेगळी होती.

गोव्यातील माजोर्डे गावच्या अँथनी गोन्साल्विस यांनी या प्रश्नाचे आपले उत्तर १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मांडले. हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल यांचे गुरू. चित्रपटाच्या कामातून वाचविलेल्या कमाईतून त्यांनी मोठा वृंद जमविला आणि रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. हा उपक्रम फार काळ टिकला नाही. गोन्साल्विस पुढे अमेरिकेस गेले आणि परतल्यावर निवृत्तीचे जीवन जगले. १९७७ साली त्यांच्या शिष्याने त्यांचे नाव एका चित्रपटगीतात गुंफले. देशभर ते नाव दुमदुमले, पण या नावाचा खराखुरा माणूस आहे, याची जाणीव फार थोड्यांना होती.

याच दशकात जगाच्या दुसऱ्या टोकाहून जॅझही रागाकडे वळत होता. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक हा अमेरिकन पियानोवादक भारतात आला. मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह त्याने वादन केले. १९५९ च्या सुमारास माइल्स डेव्हिस आदी वादकांनी स्वरसंघांची भराभर बदलती साखळी बाजूस ठेवून एकाच स्वरसप्तकात दीर्घकाळ रमण्याची पद्धती रूढ केली. हे तत्त्व रागविस्ताराच्या बरेच जवळ जाणारे होते. १९६३ साली ड्यूक एलिंग्टनचा वृंद भारतात येऊन गेला. १९६६ साली लंडनमध्ये कलकत्त्याचा जॉन मेयर आणि जमेकाचा जो हॅरियट यांनी 'इंडो-जॅझ सूट' ही तबकडी काढली. रविशंकरांच्या सतारीने तर पाश्चात्त्य तरुणांना वेड लावले होते. इकडे हिज मास्टर्स व्हॉइसमध्ये गो. ना. जोशी यांच्या पुढाकाराने १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली. चित्रपटाविना आणि गायकाविना, केवळ वाद्यसंगीताची तबकडी विकली जाऊ शकते, हे तिने सिद्ध केले.

अशा अनुकूल घडीला 'राग जॅझ स्टाइल' प्रसिद्ध झाली. शंकरसिंह रघुवंशी यांचे बालपण हैदराबादेत गेले. त्यांचा हात मूळचा तबल्याचा. जयकिशन डाह्याभाई पांचाल हे गुजरातेतील वांसद्याचे, पेटीवादक. पृथ्वी थिएटरमध्ये दोघांची जोडी जमली आणि १९४९ च्या 'बरसात'पासून ती देशभर गाजली. नृत्यशाळेचा ताल त्यांच्या हाती होता, तसा रागही. १९५६ च्या 'बसंत बहार'मध्ये त्यांनी भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांना जुगलबंदीसाठी एकत्र आणले होते. तालाच्या अंगाला त्यांचे साहाय्यक होते दत्ताराम वाडकर हे गोमंतकीय; त्यांनी ढोलकीवर रुळविलेला ठेका 'दत्तू ठेका' या नावानेच वादकांत ओळखला जातो. १९६८ हे वर्ष या जोडीच्या वैभवाचे होते. त्याच वर्षी दोघांना पद्मश्री मिळाली.

तबकडीतील वादकांची नामावली वाचली म्हणजे मुंबई शहराचे खरे रूप डोळ्यांपुढे येते. सतारीवर इंदूरचे रईस खाँ. सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. नेपाळी वंशाचे, कलकत्त्यात वाढलेले आणि १९५८ साली मुंबईत आलेले. ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, बासवर एडी ट्रॅव्हास, पियानोवर ल्युसिला पाशेको. गिटारीवर अनिबाल कास्ट्रो आणि दिलीप नाईक. बासरीवर सुमन राज आणि तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. ज्यांच्या वादनाने वर्षानुवर्षे गाण्यांच्या मधल्या जागा भरल्या, त्यांना येथे प्रथमच पुरती जागा मिळाली. गाण्यात सॅक्सोफोनच्या वाट्याला दोन अंतऱ्यांमधले काही क्षण येत. येथे तो रागाचा धनी झाला.

रागांची निवड पाहण्याजोगी आहे. आरंभ सकाळच्या तोडीने आणि भैरवाने. अखेर, मैफलीच्या रिवाजाप्रमाणे, भैरवीने. मध्ये मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू आणि शिवरंजनी. यातील खुबी कळण्यासाठी एका तांत्रिक गोष्टीकडे वळले पाहिजे. पाश्चात्त्य संगीतात तीन वा चार स्वर एकाच वेळी उमटविले की त्यांचा 'कॉर्ड', म्हणजे स्वरसंघ होतो. रागात अशा संघाला स्थान नाही. तेथे एका स्वरामागून दुसरा स्वर येतो आणि साऱ्यांच्या तळाशी षड्ज अखंड वाहत असतो. मग रागाच्या खाली कोणते स्वरसंघ ठेवावेत? रागात वर्ज्य असलेला स्वर संघात आला की राग बिघडला. संघच टाळले तर जॅझ उरला नाही.

काही राग या कामी मोठे उपकारक आहेत. कलावतीचे स्वर पाच: षड्ज, शुद्ध गंधार, पंचम, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद. यांपैकी सा, ग, प आणि कोमल नी एकत्र वाजविले, की निग्रो लोकांच्या ब्लूज संगीताचा जो पायाभूत संघ, तोच नेमका हाती येतो. शिवरंजनीत सा, कोमल गंधार, पंचम आणि शुद्ध धैवत एकत्र केले, की जॅझवादकांच्या आवडीचा एक विषण्ण संघ तयार होतो. उलट मालकंसात ऋषभ आणि पंचम दोन्ही वर्ज्य. पंचमावाचून षड्जाचा संघ पुरा होत नाही. त्याला मध्यमाचाच आश्रय घ्यावा लागतो, आणि मालकंसात मध्यम हाच वादी मानतात. म्हणजे रागाचा स्वभाव ओळखूनच संघ निवडावा लागतो. तोडीची अडचण याहून बिकट. तिचे कोमल ऋषभ-गंधार-धैवत आणि तीव्र मध्यम यांच्याखाली नेहमीचे संघ बसतच नाहीत. अशा ठिकाणी संघांची गर्दी कमी करून एकेरी सुरावटीलाच वाव देणे शहाणपणाचे ठरते.

तालाचा प्रश्नही तितकाच अवघड. जॅझची मात्रा चारांच्या गटाने चालते, म्हणून चार गटांत त्रितालाच्या सोळा मात्रा बिनबोभाट बसतात. पण बसणे निराळे आणि मिसळणे निराळे. तबल्याचा सारा ओढा समेकडे. जॅझचा ड्रमवादक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उठाव देतो. शिवाय जॅझमध्ये एका मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, आणि त्यातूनच ती हिंदकळती चाल निर्माण होते. म्हापसेकर आणि गुदिन्हो यांना एकत्र चालावयाचे, म्हणजे दोन भाषा बोलणाऱ्यांनी एकच वाक्य पुरे करण्यासारखे होते. दोघेही गाण्यांच्या साथीत रोज हेच करीत आले होते, म्हणूनच ते साधले.

ही तबकडी निर्दोष होती, असे मात्र कोणी म्हणू नये. एका दीर्घ तबकडीत अकरा राग बसवावयाचे, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी चारच मिनिटे. जेथे गवई मालकंसाच्या मध्यमावर घटकाभर विसावतो, तेथे चार मिनिटांत रागाचा चेहरा दिसेल, पण ओळख होणार नाही. आलापाची शांतता, बढतीचा संयम, हे गुण या बांधणीत मावत नाहीत. जॅझच्या बाजूनेही तक्रार संभवते; एकामागून एक वादकाने लांब कल्पनाविस्तार करावा, अशी त्या कलेची रीत, आणि येथे बव्हंशी सारे आखीव. चित्रपटाची घडण या तबकडीच्या अंगी पुरती भिनली होती. तथापि तीच तिची ओळखही आहे. रागाचा दरबार किंवा जॅझचा रात्रक्लब यांपैकी एकही तिचे घर नव्हते. तिचे घर होते मुंबईचा स्टुडिओ. तीन-चार मिनिटांत नेमके सांगून मोकळे होणे, ही तेथली विद्या.

जगाच्या इतिहासात याला एक मार्मिक समांतर घटना सापडते. अमेरिकेतील मेम्फिस शहरात स्टॅक्स या ध्वनिमुद्रण संस्थेत गायकांना साथ करणाऱ्या वादकांनी 'बुकर टी अँड द एम. जीज' या नावाने १९६२ साली 'ग्रीन ऑनियन्स' ही निव्वळ वाद्यसंगीताची पहिली तबकडी काढली. १९६९ साली न्यू ऑर्लिन्सच्या 'मीटर्स' या चौघांनी तेच केले. तेही ॲलन टूसाँ याच्या स्टुडिओतील साथीदारच होते. त्यांची पहिली तबकडी 'फंक' या संगीतप्रकाराचा एक आधारग्रंथ ठरली आणि पुढच्या पिढ्यांनी तिच्यातील तालाचे तुकडे उचलून नव्या रचना केल्या. फंकमध्ये स्वरसंघांची साखळी जवळजवळ नाहीशी होते; एकाच संघावर सारा डोलारा उभा राहतो आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पूर्ण भार येतो. एक षड्ज आणि एक सम, या दोन खांबांवर उभ्या असलेल्या संगीताला हे तत्त्व परके वाटू नये. मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स आणि मुंबई या तीन शहरांत, परस्परांची खबर नसताना, सात-आठ वर्षांच्या अवधीत एकच गोष्ट घडली: मागे बसून साथ करणारा वादक पुढे आला.

पुढे काय झाले? १९७१ साली जयकिशन यांचे अकाली निधन झाले आणि ही वाट जोडीच्या हातून पुढे चालली नाही. पण वादक राहिले. मनोहारी सिंग राहुलदेव बर्मन यांचे साहाय्यक झाले आणि त्या संगीताच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा होता. गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी राग आणि जॅझ यांच्या संयोगाचा ध्यास घेतला. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला आणि देशोदेशींच्या वादकांबरोबर येथील वादकही एका मंचावर बसू लागले.

सर्वांत विस्मयकारक वारसा मात्र आणखी एका साथीदाराच्या हातून पुढे आला. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटवृंदांतील वादक. १९८२ साली त्यांनी तालयंत्र आणि विद्युत् स्वरयंत्रे घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. दहा रागांपैकी तोडी, मालकंस, कलावती, बैरागी आणि भैरवी हे पाच १९६८ च्या तबकडीतही आहेत. तेव्हा या तबकडीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तेथील जाणकार चकित झाले. कारण ज्या यांत्रिक नृत्यसंगीताचा उगम ते १९८० नंतरच्या शिकागोत मानीत होते, त्याच्याशी तिचे विलक्षण साम्य होते. वृद्धापकाळी चरणजित सिंग यांना युरोपात वादनासाठी बोलावणी आली. २०१५ साली ते निवर्तले. मुंबईच्या स्टुडिओतील कारागिराला आपल्या कामाची पावती मिळण्यास एवढी वर्षे लागली.

'राग जॅझ स्टाइल'चे महत्त्व ठरविताना केवळ राग किती शुद्ध राहिला आणि जॅझ किती अस्सल उतरला, हीच मोजपट्टी लावली, तर तबकडी दोन्हीकडून उणी भरेल. तिचे मोल दुसरीकडे आहे. चर्चच्या शाळेत स्वर वाचावयास शिकलेला गोमंतकीय, घराण्यात वाढलेला सतारिया, बँडमध्ये घडलेला सॅक्सोफोनवादक आणि ठेक्यावर हात बसलेला तबलजी हे एका शहरात, पोटासाठी का होईना, एकत्र आले. त्यांनी एकमेकांचे ऐकून घेतले. आणि त्या ऐकण्यातून जे संगीत जन्मले, त्याच्यावर देशाचे कान वीस वर्षे पोसले गेले. एकदा, फक्त एकदा, त्या संगीतातून गाणे बाजूस काढून कारागिरांना पुढे बसविण्यात आले. त्या अकरा रागांत ऐकू येतो, तो त्या कारागिरांचा स्वतःचा आवाज. परिचयधून संपून निवेदकाचा आवाज येतो तेव्हा व्हायोलिन थांबते. वाजविणाऱ्याचे नाव कोणी सांगत नाही. जॉन परेरा, लेस्ली गुदिन्हो, ल्युसिला पाशेको, रमाकांत म्हापसेकर ही नावे निदान एका तबकडीपुरती तरी इतिहासाला सांगता येतात.